रिक्षाचा गुडघा

"गुडघा जाणार."

हे दोन शब्द मी मनातल्या मनात उच्चारले, अशी माझी समजूत होती. पण समोरच्या मुलीचा हात मध्येच थांबला, आणि मल्लेश्वरममधल्या त्या उभ्याने खायच्या उपाहारगृहात, माझ्या कॉफीच्या पेल्यापासून वीतभर अंतरावर, एक इवलीशी पिवळी-काळी रिक्षा अर्धी माणूस होऊन तिथल्या तिथे ताटकळली.

"काय म्हणालात?" तिने विचारले. चक्क मराठीत.

बंगलोरला येऊन मला दोन वर्षे होत आली होती. मराठी माझ्या कानांवर पडायची ती रविवारी, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये, आईच्या आवाजात, सातारची खरखर सोबत घेऊन. त्यामुळे उत्तर देण्याऐवजी मी कॉफीचा एक मोठा घोट घेतला. तो पोळला. बाहेर सप्टेंबरातला संध्याकाळचा पाऊस कोसळत होता, म्हणून आत दाटी होती, आणि त्या दाटीने आम्हा दोन अनोळखी माणसांना एकाच उंच गोल टेबलाशी आणून उभे केले होते. पळायला वाट नव्हती.

"मी... स्वतःशीच बोललो."

"पण गुडघा माझ्या रिक्षाचा आहे. म्हणजे बोलणं माझ्याशीच झालं की." तिच्या बोलण्याला इथल्या मातीचा हेल होता; प्रत्येक वाक्य शेवटी जरा वर उचलले जाई, पावसात साडीचे काठ उचलावेत तसे. "बघा आता. नीट बघा, मग बोला."

तिने रिक्षा पुन्हा मिटवली आणि पहिल्यापासून उलगडून दाखवली. पिवळा टप मधोमध दुभंगला आणि त्याचे दोन हात झाले. मागची चाके खाली सरकून पावले झाली. पुढचे नाक वळून छातीवर बसले. सर्वांत शेवटी तिने नखाने मीटरचा चिमुकला झेंडा खाली पाडला, आणि मीटरच्या जागी एक चेहरा वर आला... जरासा गोंधळलेला, पण भला. तिच्या नखांखाली पिवळा रंग बसला होता. तर्जनीवर कानशीचे बारीक ओरखडे होते.

"मीटर पाडल्याशिवाय हा तोंड दाखवत नाही," ती म्हणाली. "अगदी आपल्या रिक्षावाल्यांसारखा."

मी हसलो. कधी हसलो ते माझ्या उशिरा लक्षात आले.

"ब्रिगेड रोडला काचेच्या कपाटात असले परदेशी यंत्रमानव ठेवतात. एकेकाची किंमत ऐकली की आई पोराला उचलूनच बाहेर आणते. माझा हा जत्रेत मिळेल, फुग्याच्या शेजारी. आता सांगा. गुडघ्याला काय झालं?"

"खुंटी बारीक आहे. वळते ती बरोबर मुळाशी... तिथे ताण साठतो." बिजागरीविषयी बोलताना मी कधी अडखळत नाही, एरवी आयुष्यभर अडखळतो. "मी एका सरकारी कारखान्यात विमानांच्या बिजागऱ्या तपासतो."

"कशा तपासता?"

"उघडतो, मिटतो. उघडतो, मिटतो. तुटेपर्यंत."

"आणि तुटली की?"

"मग समजतं, ती किती चांगली होती."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. तिच्या भुवईवर पावसाचा एक थेंब अजून तसाच होता. "स्वल्प उशिराच समजतं की मग."

ते वाक्य पुढेही कित्येक संध्याकाळी माझ्या मनात घोळत राहिले.

तिचे नाव यशश्री सुलाखे. तिच्या आजोबांचे आजोबा कधीतरी मराठी मुलुखातून शिवणकामाची कात्री घेऊन या शहरात आले आणि इथलेच झाले. वडील गेल्यापासून ती मामा-मामींकडे राहत होती. मामांचा यशवंतपूरला प्लास्टिकचा छोटा कारखाना होता. तिथे साबणाचे डबे आणि बादल्यांच्या मुठी तयार होत. काम संपल्यावर तिथल्याच एका कोपऱ्यात बसून तिने ही रिक्षा घडवली होती.

"मामांनी आयुधपूजेपर्यंत, म्हणजे तुमच्या खंडेनवमीपर्यंत, मुदत दिली आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी बघतील. आवडलं तर साचा करू म्हणतात. नाहीतर हे वेड सोडून द्यायचं आणि जन्मभर साबणाच्या डब्यांची झाकणं बसतात का ते बघायचं." मग तिने रिक्षा उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घेऊन जा. तुमच्या पद्धतीनं तपासा. सोमवारी याच वेळी इथंच सांगा."

"पण तुम्ही मला ओळखतसुद्धा नाही."

"बिजागरी तपासणारा माणूस पळून पळून कुठं जाणार? नाव तेवढं सांगा."

"विद्याधर."

"सरी," ती म्हणाली. ठीक आहे, या अर्थाचा तो कानडी शब्द मी रोज दहा दुकानांत ऐकत असे. तो इतका सुंदर आहे, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते.

शनिवार-रविवार माझ्या खोलीच्या खिडकीतून गुलमोहराची ओली पाने आत डोकावत होती आणि मी रिक्षाचा माणूस करीत होतो, माणसाची रिक्षा करीत होतो. तिच्या हातांनी जिथे जिथे कानस फिरवली होती, तिथे तिथे आता माझी बोटे फिरत होती. असे सुख मला पूर्वी कामात लाभले नव्हते. डावा गुडघा प्रथम गेला, अगदी मी म्हटले होते तिथे. मग उजवा. आमच्या प्रयोगशाळेत एक सांधा तुटला म्हणून तपासणी थांबत नाही. प्रत्येक सांध्याची सीमा कळावी लागते. म्हणून मी दोन्ही खांदे तोडले. मान तोडली. शेवटी मीटरचा झेंडाही. प्रत्येक तुकडा कागदाच्या वेगळ्या पुडीत बांधला, पुडीवर नाव घातले, आणि सोमवारी, इस्त्रीचा सदरा घालून, त्या पुड्या तिच्यासमोर एका ओळीत मांडल्या. मनात एक हळवा अभिमान होता. इतक्या निष्ठेने मी कुणाचेच काही तपासले नव्हते.

तिने पहिली पुडी उघडली. दुसरी उघडली. तिसरी उघडली नाही.

"बाकीचे?" तिने विचारले.

"सगळे आणले आहेत. हा खांदा, ही मान..."

"तसं नव्हे." तिचा आवाज अगदी खाली आला होता. "हे एकच होतं."

आमच्याकडे नमुने खोक्यांनी येतात. एक तुटला की दुसरा काढायचा. जगात एखादी वस्तू एकच असू शकते, ही शंकासुद्धा माझ्या मनाला शिवली नव्हती.

ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने पुड्या माझ्याच दिशेने हलकेच सारल्या, "सरी," म्हणाली, आणि गेली. तिच्या कॉफीवर साय धरत होती. त्याच शब्दाने त्या दिवशी मला तिथे कितीतरी वेळ उभे करून ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी यशवंतपूरला गेलो. रेल्वेच्या रुळांपलीकडे, कांद्याच्या गोण्यांच्या वासातून वाट काढत तो कारखाना सापडला. ती यंत्राशेजारी उभी राहून साबणाच्या डब्यांची झाकणे उघडून-मिटून पाहत होती. मला पाहूनही तिचे हात थांबले नाहीत.

"मी... क्षमा मागायला आलो."

"मागा."

इथवरचेच वाक्य मी वाटेत घोकले होते. "मागितली," मी म्हणालो.

"एवढीच?"

"पुन्हा घडवू. मी मदत करतो. रोज येतो. मला कानस चालवता येते."

"तोडता येतं तेवढं बघितलंय." तिने आणखी एक झाकण मिटले. मग हात पुढे केला. "आणा त्या अस्थी."

मी पुड्या दिल्या. त्यांवरची नावे ती वाचू लागली, 'डावा गुडघा', 'उजवा खांदा', 'मान', आणि वाचता वाचता तिच्या ओठांचा कोपरा तिला न जुमानता हलला.

"इतकं सुंदर अक्षर," ती म्हणाली, "आणि इतकं वाईट काम."

त्या संध्याकाळी आम्ही तुकडे दिव्याखाली मांडून बसलो. सारे सांधे एकाच प्रकारे गेले होते, खुंटीच्या मुळाशी. "खुंटी जाड केली तर?" तिने विचारले.

"मग टप फाटेल. ताण कुठेतरी जाणारच. हा सांधा शेवटपर्यंत सोडतच नाही... म्हणून तुटतो." मी हे प्लास्टिकविषयीच बोललो होतो; पण बोलून झाल्यावर ते माझ्याविषयी वाटू लागले, आणि मी दिव्याकडे पाहत राहिलो.

ती कानावरची बट मागे सारून रुमाल काढू लागली. तिच्या कापडी पर्सचे झाकण उघडले... टिच्. रुमाल घेतला, झाकण दाबले... टिच्. आणि तिचा हात तिथेच थबकला. तिने झाकण पुन्हा उघडले. पुन्हा लावले.

"अप्पा, माझे वडील, शिवायचे ही," ती सावकाश म्हणाली. "चिकपेटेत दुकान होतं आमचं. लहानपणी माझं काम एकच, टिचबटणं लावायची. ओढलं की सुटतं बघा. कापड फाटत नाही."

मी पर्सकडे पाहिले. मग तिच्याकडे. "गुडघा सुटून यायला हवा," मी म्हणालो.

"आणि दाबला की परत बसायला हवा."

"लहान मूलही बसवू शकेल असा."

"अण्णा, कॉफी दोन सांगा," ती मागे वळून कुणालातरी म्हणाली, आणि मला कळले की क्षमा झाली आहे.

त्यानंतरच्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत उजळ संध्याकाळी असाव्यात. ती प्लास्टिकचा पत्रा कापायची, कानस लावायची. मी सांध्यासाठी टिचबटणासारखी लहानशी गोळी आणि तिची वाटी घासून जुळवायचो. सैल झाली तर रिक्षा उभी राहताच पाय गळून पडे. घट्ट झाली तर ओढताना प्लास्टिकवर पांढुरकी रेघ उमटे.

"तुटण्याआधी ते असं पांढरं पडतं," मी तिला दाखवले. "आधीच सूचना देतं. माणसांना अशी खूण नसते."

"तुम्हाला आहे."

"मला?"

"कान लाल होतात. आत्ता झालेत."

मी कानस उचलली आणि काहीही न घासता बराच वेळ घासत राहिलो.

दुसऱ्या एका संध्याकाळी ती म्हणाली, "एक विचारू? तुम्ही रोज मल्लेश्वरमला त्याच टेबलाशी उभे असायचात. भिंतीकडे तोंड करून."

"तुम्ही पाहिलं होतं?"

"भिंतीत काय आहे ते मीही बघून आले एकदा. काही नव्हतं." रंगाचा कुंचला तिने टपावरून अलगद फिरवला. "म्हणून त्या दिवशी पाऊस आला तेव्हा म्हटलं, बघू तरी, हा माणूस इकडे वळतो का."

बाहेर मालगाडी जात होती. तिचे डबे संपता संपत नव्हते, आणि ते संपू नयेत असे मला वाटत होते. गाडी गेली की काहीतरी बोलावे लागले असते. गाडी गेली, आणि मी पुन्हा वाटी घासू लागलो. तिने कुंचला पाण्यात बुडवला, पाणी पिवळे झाले, आणि ती म्हणाली, "तुमचा मीटर फार जुना आहे हो. पडतच नाही."

आयुधपूजेच्या सकाळी कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दाराशी कोहळा फुटला, त्यावरचे कुंकू पसरले. चंद्रकांतमामा आडव्या बांध्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. कपाळभर गंध लावून त्यांनी ती रिक्षा हातात घेतली, चष्म्याखालून पाहिली, मीटर पाडला, चेहरा वर आला तरी स्वतःचा चेहरा हलू दिला नाही. मग त्यांनी ती खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडून दिली.

एक पाय निखळून यंत्राखाली गेला.

यशश्रीने श्वास घेतल्याचा आवाज मला ऐकू आला. ती वाकली, पाय शोधला, गुडघ्याशी धरून दाबला. टिच्.

"तुटलं नाही मामा," ती म्हणाली. "सुटलं होतं."

मामांनी ती परत घेतली. पाय ओढला, काढला, बसवला. हात काढला, बसवला. पुन्हा काढला. साबणाच्या डब्यांत आयुष्य गेलेल्या त्या माणसाच्या बोटांना एकाएकी घाई झाली होती; त्यांनी पायाच्या जागी हातही लावून पाहिला. मग भानावर येऊन ते माझ्याकडे वळले.

"काय हो. तुम्ही विमानांची माणसं. खरं सांगा. टिकेल?"

यशश्रीची नजर माझ्यावर होती. एक 'हो' पुरे होता. तिच्या साऱ्या संध्याकाळी, तिचे सारे पिवळे पाणी त्या एका अक्षरावर उभे होते, आणि ते अक्षर माझ्या जिभेवर आलेही होते.

"सांधे टिकतील," मी म्हणालो. "पण टपाचा हा कोपरा पातळ आहे. काही महिन्यांत झिजेल. तिथे आतून एक बारीक पट्टी हवी."

तिचे डोळे विस्फारले. कुणीतरी यंत्रावरची माळ नीट करता करता थांबले. मला वाटले, मी दुसऱ्यांदा तिचे एकमेव काहीतरी तोडले.

मामांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "मलाही तिथंच वाटत होतं," ते म्हणाले. "पण आजवर माझ्या दारात 'सगळं बेस्ट आहे अण्णा' म्हणणारेच आले." त्यांनी रिक्षा भाचीच्या हातात ठेवली. "पट्टी घाल. मग साचा करू."

माझ्याजवळून जाताना ती पुटपुटली, "पट्टी आधी सांगता आली नसती?"

"आत्ता दिसली."

"कान लाल आहेत," ती म्हणाली. पण ती हसत होती.

संध्याकाळी मामींनी मला घरी बोलावले. प्रेमामामी ठेंगण्या, लगबग्या, कानांनी किंचित अधू. त्यांच्या बैठकीत नवरात्रातल्या बाहुल्यांची आरास मांडली होती: पायऱ्या-पायऱ्यांवर देव, वरात, वाणी-वाणीण, आणि सर्वांत वर राजा-राणीची लाल लाकडी जोडी. ती जोडी मुलीला लग्नात माहेराहून मिळते, असे मामींनी मला मोठ्याने समजावले. "आणि दरवर्षी आराशीत एक तरी नवी बाहुली यायलाच हवी हं. रीत आहे आमची." मग त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिले, जणू मला कोणत्या पायरीवर ठेवावे ते ठरवीत होत्या, आणि पायस आणायला आत गेल्या.

यंदाची नवी बाहुली खालच्या पायरीवर उभी होती, पिवळे हात पसरून. यशश्री समईची वात पुढे सारत होती. तिने मोतिया रंगाची साडी नेसली होती, आणि नखांखालचा पिवळा रंग तसाच होता.

"मग, परीक्षक? झाली तपासणी पुरी?"

"एक दोष राहिला." मी यंत्रमानव उचलला, कारण हातांना काहीतरी हवे होते. "उद्यापासून यशवंतपूरला यायला मला कारण नाही."

"साचा व्हायला महिने लागतात. पट्टी बघायला या."

"पट्टीसाठी नाही यायचं."

"मग?"

माझ्या बोटांखाली मीटरचा झेंडा होता. मी तो पाडला. वर आलेला तो भला, गोंधळलेला चेहरा माझ्याकडे पाहू लागला, आणि मला वाटले, माणसाने कधीतरी सोडून द्यावे... तुटण्याआधी.

"तुमच्यासाठी," मी म्हणालो.

समईची ज्योत स्थिर होती. तिने मान वर केली नाही. "स्वल्प मोठ्याने म्हणा. मामींना कमी ऐकू येतं."

"मामींना कशाला..."

"मग मलाही दुसऱ्यांदा ऐकायला मिळेल."

मी मोठ्याने म्हणालो. माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने काही म्हणालो नव्हतो. आणि त्याच क्षणी यंत्रमानवाचा एक हात निखळून माझ्या मुठीत आला. नेमक्या तेव्हाच मामी पायसाच्या वाट्या घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"अगंबाई, परत तोडलं का यानं?"

"नाही मामी," यशश्री म्हणाली. तिने माझी मूठ उघडली, तो चिमुकला पिवळा हात त्याच्या जागी धरला, आणि माझा अंगठा आपल्या अंगठ्याखाली घेऊन हलकेच दाबला.

टिच्.

तो आवाज मामींना ऐकू आला नसावा. आम्हा दोघांना आला.